इटालियन वळणाचे निसर्गचित्र आणि कोल्हापूर

सतराव्या शतकात रोममध्ये निसर्गचित्राची एक घडण तयार झाली आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे युरोपातल्या चित्रकारांनी ती गिरवली. चित्राच्या एका बाजूला, अगदी पुढे, गर्द सावलीतले उंच झाड असते. दुसऱ्या बाजूला, थोडे मागे, पडके देऊळ किंवा कमान. या दोन काळोख्या कडांच्या मधून नजर आत शिरते ती पाण्यावर: नदीचे वळण, तळे किंवा बंदर. पाण्यापलीकडे पूल, पुलापलीकडे माळ आणि शेवटी निळसर डोंगर, जे आकाशात कुठे विरतात ते कळू नये इतके फिके. पुढच्या जमिनीवर गुराखी, शेळ्यामेंढ्या किंवा पुराणकथेतली चार माणसे, पण आकाराने लहान. साऱ्यावर सकाळचा किंवा सांजेचा सोनेरी उजेड. कलेच्या इतिहासात याला अभिजात, इटालियन वळणाचे निसर्गचित्र म्हणतात. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निसर्गचित्रांची जी परंपरा सुरू झाली, तिच्या मुळाशी हीच घडण आहे. मात्र रोमहून इथवर येताना ती बऱ्याच हातांतून गेली, आणि रंकाळा-कोटितीर्थ या तळ्यांच्या काठी पोचल्यावर तिचा हेतूच बदलला.

रोममध्ये या प्रकाराची सुरुवात आनिबाले कारात्ची या चित्रकारापासून मानली जाते. १६०४ च्या सुमारास त्याने एका खासगी प्रार्थनागृहासाठी अर्धगोलाकार चित्र काढले. विषय बायबलमधला होता, बाळ येशूला घेऊन मेरी आणि जोसेफ इजिप्तला निघतात तो. पण चित्रातली माणसे लहान आणि नदी, टेकडी, तटबंदीचे गाव मोठे होते. तोवर निसर्ग हा कथेच्या मागचा पडदा असे; इथे कथा निसर्गात सामावली. निकोला पूसँ आणि क्लोद लोरँ या दोन फ्रेंच चित्रकारांनी हीच वाट पुढे नेली. दोघांनीही उमेदीची बहुतेक वर्षे रोममध्ये काढली आणि दोघांचा शेवटही तिथेच झाला. पूसँची चित्रे बांधीव: झाड, इमारत, रस्ता सगळे मोजूनमापून ठेवलेले. क्लोदचा जीव उजेडात होता. उजाडण्याआधी तो रोमभोवतीच्या उजाड माळावर जाऊन बसे, पहाटेचे रंग पाहून घेई आणि घरी येऊन ते कॅनव्हासवर उतरवी. सूर्यबिंब थेट चित्रात ठेवून त्याचा प्रकाश पाण्यावरून प्रेक्षकाकडे आणण्याचे धाडस त्याने केले. त्याच्या नावावर खोटी चित्रे विकली जाऊ लागली तेव्हा प्रत्येक चित्राची रेखाटनप्रत तो एका वहीत ठेवू लागला. ती वही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उत्तरेकडच्या डच चित्रकारांनाही या उजेडाने वेड लावले. यान बोथ, निकोलास बेर्खेम असे चित्रकार ढगाळ हॉलंडमध्ये बसून इटलीचे ऊन रंगवत. गिऱ्हाईकही भरपूर मिळे.

या चित्रांमागचे तंत्र समजून घ्यायला हवे, कारण पुढे प्रवास झाला तो तंत्राचाच. चित्राचे तीन पट्टे पाडले जात: पुढचा तपकिरी, मधला हिरवा, मागचा निळा. दूरची वस्तू नुसती लहान होत नाही, तर मधल्या हवेमुळे फिकी आणि निळसर होते, तिच्या कडा मऊ पडतात. हे निरीक्षण लिओनार्दो दा विंचीने आधीच मांडले होते. क्लोदने त्यावर सगळे चित्र उभे केले. दोन्ही कडांची गडद झाडे रंगभूमीवरच्या विंगांचे काम करतात. ती नजरेला बाहेर सांडू देत नाहीत, आत ढकलतात. असे स्थळ प्रत्यक्षात कुठेच नसे. झाड एका जागचे, पूल दुसऱ्या जागचा, देऊळ तिसऱ्या जागचे असे वेचून चित्रकार एक मनाजोगता प्रदेश रचत असे, आणि त्या प्रदेशात रोमच्या सरलेल्या वैभवाची हुरहूर असे. पडकी कमान त्यासाठीच होती.

अठराव्या शतकात इंग्रज सरदार-जमीनदारांनी क्लोदची चित्रे विकत घेऊन घरे भरली आणि त्या चित्रांसारख्या बागा आखून घेतल्या. रिचर्ड विल्सन हा वेल्श चित्रकार १७५० पासून सहा-सात वर्षे इटलीत राहिला आणि परत येऊन आपल्या देशातले डोंगर-तलाव त्याच पद्धतीने रंगवू लागला. त्याचा शिष्य विल्यम हॉजेस १७८० मध्ये हिंदुस्थानात आला. ग्वाल्हेरचा किल्ला, गंगेचे घाट, मशिदी आणि मकबरे त्याने रंगवले ते गुरूकडून शिकलेल्या इटालियन चौकटीत बसवून. त्याच्यामागून थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे आले. रोमच्या कमानीची जागा आता गोपुराने घेतली आणि पाइनच्या जागी वड आला. घडण तीच राहिली.

मराठी मुलखात ही दृष्टी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर पोचली. तो १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्याला गेला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. मुंबई बेटाची आणि आसपासची त्याची बारा दृश्ये १८०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात चित्रशिक्षणाचाही प्रयत्न झाला, आणि त्यातून गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार तयार झाला. वेरूळ-कार्ल्याची लेणी त्याने यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम पाळून रेखाटली. पण १७९५ मध्ये वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि पुण्यातला हा धागा तुटला. पुढची गाठ मुंबईत बसायला साठ वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकातच कोल्हापूरचा इटलीशी एक दुःखद संबंधही आला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय विशीचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारून तिच्याखाली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. नदीकाठ, झाडी आणि झाडीत घुमटाची छत्री असे ते दृश्य आजही तिथे आहे आणि जवळच्या पुलालाही या ‘हिंदी’ राजावरूनच नाव मिळाले आहे. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा होता. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा हेही मँट यांचेच काम. राजाराम महाराजांची दौऱ्यातली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. पुढे शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले तेव्हा रोमचे कलोसियम त्यांच्या मनात भरले आणि १९१२ पर्यंत कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. या दरबाराला युरोपची कला ऐकून नव्हे, पाहून माहीत होती. चित्रकारांना मिळालेल्या आश्रयाचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये तिथे शिकवायला आले आणि तीस वर्षे राहिले. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला त्यांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रोजच्या वर्गात भर होता तो इंग्लंडमधल्या अभ्यासक्रमाप्रमाणे अचूक रेखाटन, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन यांवर. निसर्गचित्राची जुनी इटालियन घडण विद्यार्थ्यांपर्यंत पोचली ती अशा सरावातून, छापील चित्रांतून आणि इंग्रज चित्रकारांच्या जलरंगांतून. कुणी क्लोदचे नाव घेऊन शिकवले नाही तरी पुढचा गडद पट्टा, मधले पाणी आणि मागचा निळा डोंगर हा क्रम हाताच्या वळणी पडत गेला.

या शाळेत १८८० च्या दशकात कोल्हापूरहून आलेले आबालाल रहिमान शिकले. कुराणाच्या हस्तलिखित प्रती सुंदर अक्षरात करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. रेषेवरची हुकमत घरातूनच आलेली. विद्यार्थिदशेत त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना अवघड नव्हते, पण ते कोल्हापूरला परतले आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारासाठी त्यांनी व्यक्तिचित्रे काढली, शिकारीचे प्रसंग काढले. पण त्यांचे खरे काम कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि आसपासच्या रानातले आहे.

कोल्हापूरचा भूगोल या कामाला जणू आधीच जुळवून ठेवलेला होता. पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे, पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर. तिथून पूर्वेकडे जमीन पायरीपायरीने उतरते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पंचगंगा शहराला वळसा घालते, ब्रह्मपुरीच्या टेकडीखालून, शिवाजी पुलाखालून वाहते आणि शिरोलीजवळ काळ्या मळीच्या सपाट रानात मोकळी होते. पुढचा खडक, मधले पाणी, मागचा निळा डोंगर हे तिन्ही पट्टे इथे रचावे लागत नाहीत. घाटावरची दगडी देवळे आहेत, दीपमाळा आहेत, रंकाळ्यात पावसाळ्यात पाण्यात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा संध्यामठ आहे. रोमच्या चित्रकाराला जे वेचून आणावे लागे ते इथे एका जागी उभे होते.

आबालाल यांनी सुरुवात शाळेतल्या रीतीने केली. बारीक रेखाटन, एकावर एक चढवलेले पारदर्शक रंग, कडेचे गडद झाड, मधून उघडणारे पाणी. नंतर मात्र त्यांचा हात सुटत गेला. झाडाचे पान न पान रेखाटण्याऐवजी ते रंगाचे छोटे ठिपके आणि फटकारे शेजारीशेजारी ठेवू लागले. जवळून पाहिले तर नुसती रंगांची खडी, दोन पावले मागे सरकले की उन्हात थरथरणारे झाड. फ्रान्समधल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांशी त्यांची तुलना नेहमी केली जाते. आबालाल त्या मुक्कामाला पोचले ते एकाच तळ्याच्या काठी वर्षानुवर्षे बसून. सकाळचे कोटितीर्थ, दुपारचे कोटितीर्थ, ढग भरून आलेले कोटितीर्थ: विषय एक, उजेड वेगळा. रंग विकत घ्यायला पैसे नसत तेव्हा माती आणि झाडपाल्यापासून ते स्वतः रंग तयार करत, असे सांगतात.

इथेच इटालियन वळणापासून ते वेगळे झाले. क्लोदच्या चित्रात देऊळ पडके असते, कारण त्यातले देव गेलेले असतात. पाहणारा हळहळतो ते पुन्हा न येणाऱ्या काळासाठी. आबालाल यांच्या काठावरचे देऊळ झिजलेले असले तरी त्यात दिवा लागतो. घाटावर धुणे चालू आहे, म्हशी पाण्यात बसल्या आहेत. ही माणसे पुराणातली नाहीत आणि शोभेसाठीही आणलेली नाहीत. ती त्या पाण्यावर जगतात. पाहणाऱ्याला ही जागा ठाऊक आहे, काल संध्याकाळीच तो तिथून गेलेला आहे. ओळखीच्या जागेचा उजेड त्याला नव्याने दिसावा, एवढीच चित्रकाराची इच्छा. कोल्हापूरच्या निसर्गचित्रांचे मोठेपण त्यांच्या कौशल्यापेक्षा या हेतुबदलात आहे. कौशल्य मुंबईच्या शाळेत शिकता येत होते, हा हेतुबदल तिथे शिकवला जात नव्हता.

आबालाल अविवाहित राहिले, फकिरी वृत्तीने जगले आणि चित्रे जपण्याची फिकीर त्यांनी कधी केली नाही. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा दुःखावेगात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आठवण कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यांनी हजारोंनी चित्रे काढली असेही म्हणतात. आज हाती आहेत ती फार थोडी, आणि त्यांतली महत्त्वाची टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहेत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्तीही याच संग्रहालयाची. सातवाहन काळात पंचगंगेच्या काठावर रोमचा माल येत होता, याचा हा पुरावा. मँट यांनी बांधलेल्या इमारतीत ती मूर्ती आणि आबालाल यांची चित्रे एकाच छपराखाली असणे, हा योगायोग असला तरी मोलाचा आहे.

इटालियन घडण कोल्हापुरात आणखी एका वाटेने आली, ती नाटकाच्या पडद्यांवरून. यथार्थदर्शनाने रंगवलेला पडदा हा मूळचा इटलीतल्या रंगभूमीचा शोध. युरोपभर पसरून तो पारशी नाटक कंपन्यांच्या मार्गे मराठी संगीत नाटकात शिरला. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा, बागेचा पडदा असे ठरलेले संच प्रत्येक कंपनीला लागत. कापड बांबूवर गुंडाळायचे असल्याने रंग सरसात कालवून पातळ लावत. जाड थर दिला तर घडी पडून पोपडे निघत. रात्री बत्तीच्या पिवळ्या उजेडात पडदा कसा दिसेल ते मनात धरून दिवसा रंगवावे लागे, म्हणून निळा आणि हिरवा मुद्दाम चढे घेत. दोन्ही बाजूंना विंगा झाडांच्या, मागे पाणी आणि डोंगर. क्लोदने कॅनव्हासवर जी रंगभूमी मांडली होती तीच इथे पुन्हा लाकडी फळ्यांवर उभी राहिली.

या कामात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलत भावांची जोडी सर्वांच्या पुढे होती. मिस्त्री घराण्यातली ही मुले. सुतारकाम, कोरीवकाम, यंत्रे उघडून जोडणे हे घरचे शिक्षण. कलाशाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. नामवंत संगीत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी रंगवलेले पडदे इतके खोल वाटत की प्रेक्षक नाटक सुरू होण्याआधी नुसते पडद्यालाच टाळ्या देत, अशी ख्याती होती. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा कोल्हापुरातच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी रंगवलेल्या जंगलाऐवजी खेड्यातली खरी झोपडी आणि रान दाखवले. आबालाल यांनी जलरंगात जे केले तेच बाबूरावांनी चित्रपटात केले: कल्पित प्रदेश बाजूला सारून पायाखालचा मुलूख घेतला. त्यांच्या हाताखाली पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचे भागीदार झाले. त्यांच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत गणना झाली. पडदेवाल्यांची विद्या अशी इटलीला जाऊन आली.

पुढच्या पिढीत दत्तोबा दळवी, माधवराव बागल, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री अशी नावे येतात. बागल समाजकारणात बुडालेले असूनही चित्रे काढत राहिले आणि कोल्हापूरच्या कलावंतांविषयी त्यांनी लिहिले. आबालाल यांची आठवण टिकली त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा. चित्रपटातले नट म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले चंद्रकांत मांडरे यांनी पावडर शेडिंगच्या तंत्राने शेकडो निसर्गदृश्ये केली आणि राजारामपुरीतले आपले घर चित्रांसह शासनाला दिले. ते आता कलासंग्रहालय आहे. मांडरे यांच्या दृश्यांत जुनी तीन पट्ट्यांची घडण पुन्हा ठळक दिसते. कधी ती फार गोडही होते, पण डोंगरावरचे धुके त्यांच्याइतके मऊ फारच थोड्यांना साधले.

ज्या मिस्त्री परंपरेतून पडदे, कॅमेरे आणि पुतळे निघाले, तिच्यातूनच कोल्हापूरचा यंत्रोद्योगही वाढला. तेलइंजिनांची दुरुस्ती, मग सुटे भाग, मग ओतकाम. कोटितीर्थाजवळ १९०६ मध्ये शाहू मिल आली, नंतर त्याच परिसरात शिवाजी उद्यमनगरची कारखानदारी वसली. ती जागा पुरेना तेव्हा कारखाने शहराबाहेर गेले, आणि पुणे–बंगळूर महामार्गावर पंचगंगेपलीकडे शिरोली एमआयडीसी उभी राहिली. आबालाल यांच्या काळी जिथे उसाचे मळे, गुऱ्हाळांचा धूर आणि नदीची चमकती रेघ एवढेच होते त्या सपाटीवर आज ओतशाळांची पत्र्याची छपरे, वाळूचे ढीग आणि वाहनांसाठी लागणाऱ्या ओतीव भागांनी भरलेले ट्रक आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस नदीने जुनी रुंदी परत घेतली.

निसर्गचित्रकारांनी शहराच्या या पूर्वेकडच्या बाजूकडे अजून फारसे तोंड वळवलेले नाही. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी जागेवर बसून चित्रे काढायला अजूनही पंचगंगा घाट, रंकाळा आणि पन्हाळा हीच ठिकाणे निवडतात. कोटितीर्थ वस्तीने वेढले गेले आहे आणि त्याच्या पाण्याची अवस्था वाईट आहे. तरी आबालाल ज्या काठांवर बसत त्यांपैकी काही जागा ओळखू येतात, आणि त्यांची चित्रे समोर धरून त्या ताडून पाहण्याचे काम अभ्यासकांनी करायला हवे. मूळ चित्रांचे कागद जुने झाले आहेत, जलरंग उजेडाने उडतात. कोल्हापूरच्या संग्रहांतल्या सर्व निसर्गचित्रांची एकत्र, सचित्र सूची झाली तर रोमहून निघालेली ही घडण इथे कशी बदलत गेली ते चित्रागणिक दाखवता येईल.